कारखान्याआधीची सायकल

किर्लोस्करवाडीची कथा ठरलेल्या क्रमाने सांगितली जाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा 1903 चा लोखंडी नांगर, बेळगावातून उठावे लागणे, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ दिलेला निवडुंगाचा माळ, 1910 मधला कारखाना आणि मग पंप. त्याआधी 1888 मध्ये बेळगावात निघालेल्या सायकलींच्या दुकानाची एका वाक्यात बोळवण होते. ते दुकान सांभाळणारे, गिऱ्हाइकांना सायकलवर बसायला शिकवणारे लक्ष्मणरावांचे थोरले भाऊ रामूअण्णा किर्लोस्कर तर त्या वाक्यातही बहुधा नसतात.

ही मांडणी करणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. दुकानात काही घडत नव्हते, असे ते म्हणतात. सायकली विलायती. लक्ष्मणरावांनी त्या मुंबईहून पाठवायच्या आणि थोरल्या भावाने बेळगावात विकायच्या. हा व्यापार झाला, कारखानदारी नव्हे. शिवाय यंत्राची बुद्धी लक्ष्मणरावांची. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे तेच. मग इतिहास त्यांच्या नांगरापासून सुरू झाला तर बिघडले कुठे? यातली वस्तुस्थिती मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही.

आधी त्या वेळची सायकल समजून घेतली पाहिजे. दोन्ही चाके जवळपास सारखी असलेली, साखळीने मागचे चाक फिरवणारी स्टार्लीची ‘रोव्हर’ इंग्लंडात आली 1885 मध्ये. म्हणजे बेळगावात दुकान निघाले तेव्हा ही सायकल तिच्या मायदेशातही नवी होती. धोतरजोडी घेणाऱ्याला ती नेसायला शिकवावी लागत नाही. सायकल घेणाऱ्याला मात्र ती चालवताच येत नव्हती. इथे माल विकण्याआधी गिऱ्हाईकच घडवावे लागे. सीट मागून धरून पळायचे, पायांकडे बघणाऱ्याची नजर समोर वळवायची, तोल सापडला की त्याला न सांगता हात सोडायचा. सायकल शिकवणे म्हणजे इतकेच, पण ते भर रस्त्यात, लोकांच्या देखत करावे लागते.

दुरुस्तीचेही तसेच. खडबडीत रस्त्याने चाक आउट झाले की ते फिरवत ठेवायचे, रिम कुठे बाजूला झुकते ते बघायचे, तिथला विरुद्ध बाजूचा स्पोक आवळायचा, झुकलेल्या बाजूचा सैल करायचा आणि पुन्हा फिरवायचे. आसावर फिरणारी वस्तू निर्वेध फिरली पाहिजे, ही जाण अशा कामातून हातात उतरते. पुढे याच घराण्याचे नाव पंपांमुळे गावोगाव गेले. पंपाचा पंखाही आसावरच फिरतो. ज्या दुकानात यंत्र खोलून पुन्हा जोडले जाते, त्याला निव्वळ व्यापारी पेढी म्हणता येत नाही.

नावामागचा माणूस कसा पुसला जातो, याचा त्याच काळातला दाखला बेलफास्टमध्ये आहे. हवा भरलेल्या टायरचे पेटंट 1888 मध्ये पशुवैद्य डनलॉप यांनी घेतले आणि टायरवर नाव उमटले ते त्यांचे. पण 18 मे 1889 रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर त्या जाडजूड टायरांची शर्यतीची सायकल घेऊन उतरला विली ह्यूम, आणि जिंकला. त्याच्याकडून हरलेल्यांत हार्वे द्यू क्रॉस यांची मुले होती. टायरच्या कंपनीला उभे केले ते याच द्यू क्रॉस यांनी. शोध डनलॉपचा खरा, पण लोकांच्या डोळ्यांसमोर तो खरा करून दाखवला ह्यूमने. आज ह्यूमचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आता नांगराकडे वळू. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांची भीती होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. नांगर चांगला होता, तरीही लागली. नुसत्या शोधाने यंत्र शेतात जात नाही. ते चालवून दाखवावे लागते, शिकवावे लागते, मोडले तर दुरुस्त करून द्यावे लागते. आणि हा धडा किर्लोस्कर बंधूंना नांगराच्या वेळी नवा नव्हता. अनोळखी यंत्राची भीती घालवण्याचे काम त्यांच्या दुकानात पंधरा वर्षांपूर्वीच सुरू झाले होते. म्हणून सायकलीचे दुकान ही कारखान्याची प्रस्तावना नव्हे, त्याचे पहिले प्रकरण आहे.

‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही पाटी एकट्या कल्पक माणसाची नाही. मुंबईत पगारी नोकरी करणाऱ्या धाकट्याला उद्योगाचे धाडस करता आले, कारण बेळगावात थोरला भाऊ पाय रोवून उभा होता. लक्ष्मणरावांची थोरवी यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट तिचा पाया दिसतो.

औंध संस्थानातला तो माळ 1949 मध्ये दक्षिण साताऱ्यात आला आणि 1960 पासून त्या जिल्ह्याला सांगली म्हणतात. या जिल्ह्याला या वारशाचा अभिमान आहे, आणि तो असावाच. पण इथल्या मुलांना यंत्र बनवणाऱ्याचे नाव शिकवताना यंत्रावर बसायला शिकवणाऱ्याचेही नाव शिकवा. उद्योगाला शोध लावणारे लागतात, तसेच त्या शोधाची लोकांना सवय लावणारेही लागतात. या दुसऱ्यांना इतिहासात जागा नसेल, तर तो इतिहास अर्धाच आहे.