मिठाच्या पाण्यातली निवड

मुळशीच्या भातपट्ट्यात पेरणीआधी बियाण्याची परीक्षा घ्यायची सोपी रीत आहे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचं आणि त्यात बी ओतायचं. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेलं बी साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. आंबेमोहर असो की इंद्रायणी, एकेक दाणा पारखत बसावं लागत नाही. निवड पाणीच करतं.

१९६७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सोल स्पीगेलमन यांनी अशीच निवड आरएनएवर करून पाहिली. क्यू-बीटा विषाणूचं आरएनए, त्याच्या नकला काढणारं विकर आणि कच्चा माल नळीत घालायचा. थोड्या वेळाने त्यातला थेंब पुढच्या नळीत. ज्याची नक्कल लवकर निघेल तो टिकेल. ७४व्या फेरीपर्यंत त्या रेणूने आपला ८३ टक्के भाग टाकून दिला होता!

पण भराभर वाढणारा रेणू निवडणं वेगळं आणि अमक्यालाच चिकटणारा निवडणं वेगळं. ते जमलं १९९०च्या ऑगस्टमध्ये, तेही दोन ठिकाणी. कोलोरॅडोत क्रेग ट्यूर्क आणि लॅरी गोल्ड यांनी आरएनएच्या एका वळशातल्या आठ जागा मोकळ्या सोडल्या. चार अक्षरं, आठ जागा, म्हणजे ६५,५३६ प्रकार. एका विषाणूच्या प्रथिनाला चिकटतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे, उरलेल्यांच्या नकला वाढवायच्या आणि पुन्हा तेच. शेवटी दोन उरले. एक निसर्गात होताच. दुसऱ्यात चार अक्षरं निराळी, तरी पकड जवळपास तेवढीच. बॉस्टनमध्ये अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक यांनी रंगद्रव्यांना धरणारे आरएनए वेचले आणि त्यांना ‘अ‍ॅप्टामर’ हे नाव दिलं. ‘नेमका बसणारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.

१९९२मध्ये रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला धरणारा १५ अक्षरी डीएनए सापडला: जीजीटीटीजीजी टीजीटी जीजीटीटीजीजी. उलटा वाचला तरी तोच. ‘चिमा काय कामाची’ म्हणणाऱ्यांना त्याची गंमत वेगळी सांगायला नको.

सगळ्यात चोख निवड मात्र १९९४ची. दम्यावरचं औषध थिओफिलीन आणि चहातलं कॅफीन यांच्यात फरक एका मिथाइल गटाचा. आधी थिओफिलीनला चिकटलेले आरएनए धरले, मग त्यांच्यावरून कॅफीन सोडलं. जे कॅफीनला भुलून सुटले ते बाद. उरलेल्यांतून मिळालेला अ‍ॅप्टामर कॅफीनपेक्षा थिओफिलीनला १०,००० पटींहून अधिक घट्ट धरतो.

औषधाच्या दुकानापर्यंत जायला मात्र वेळ लागला. डोळ्याच्या पडद्याच्या विकारावरचं मॅक्युजेन हे पहिलं अ‍ॅप्टामर औषध अमेरिकेत डिसेंबर २००४मध्ये मंजूर झालं, आणि दोनच वर्षांत प्रतिपिंडावर आधारलेल्या नव्या औषधाने त्याला मागे टाकलं.

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत आरएनए पोचलं ते लसीच्या वाटेने. तिथल्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लसीला जून २०२२मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. देशात तयार झालेली अशी ही पहिलीच लस. ती अ‍ॅप्टामर नव्हे, तिचं काम प्रथिनाचा निरोप पोचवण्याचं. पण अशा लसींचं आरएनए सहसा ज्या टी-७ विकराने बनवतात, तेच अ‍ॅप्टामरच्या फेऱ्यांतही आरएनए वाढवायला लागतं. हिंजवडीची लस कोरड्या भुकटीच्या रूपात, २ ते ८ अंशांवर, साध्या फ्रिजमध्ये राहते.