गडावरची माणसं आणि गोनीदा

जुलै महिना लागला की कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाठीला पिशव्या लावलेली पोरं दिसू लागतात. भर पावसात चिखल तुडवत ती पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालत जातात. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज याच बाजूनं विशाळगडाला गेले आणि बाजीप्रभूंनी खिंडीत देह ठेवला, ही गोष्ट त्यांना तोंडपाठ असते. पण इतिहास पायानं चालून बघावा, हे वेड मराठी मुलांना लागलं कसं? त्याचं श्रेय अनेकांना जातं. माझ्या पिढीला मात्र ते लावलं गोपाळ नीलकंठ दांडेकरांनी, म्हणजे आपल्या गोनीदांनी.

त्यांचा जन्म ८ जुलै १९१६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचा. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी घर सोडून पळाला. शाळा सुटली ती सुटलीच. पुढं गाडगे महाराजांचा सहवास घडला, नर्मदेची परिक्रमा पायी झाली. नंतर तळेगाव दाभाड्याला बिऱ्हाड थाटून त्यांनी लेखणीवर संसार चालवला. मराठीत हे धाडस किती मोठं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक! परिक्रमेतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ आली. ‘स्मरणगाथा’ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९८१ च्या अकोला साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. १ जून १९९८ रोजी ते गेले.

‘दुर्गदर्शन’ मला पहिल्यांदा भेटलं ते आमच्या करवीर नगर वाचन मंदिरात. १८५० साली सुरू झालेलं हे ग्रंथालय. कॉलेजात बीए करत होतो, खिशात पैसे नसायचे, वाचनालयाची वर्गणी तेवढी भरलेली असायची. तोवर गड म्हणजे माझ्या लेखी सहलीची जागा. वर जायचं, कणीस खायचं, खाली यायचं. गोनीदा वाचल्यावर पाणी कुठं साठवलंय, दरवाजा आडवळणाला का ठेवलाय, वारा कुठून येतो, हे बघायची सवय लागली.

ते संशोधक नव्हते, हे मोकळेपणानं म्हटलं पाहिजे. राजवाड्यांसारखी दफ्तरं त्यांनी धुंडाळली नाहीत. ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’, ‘हे तो श्रींची इच्छा’ या त्यांच्या शिवकाळावरच्या कादंबऱ्या. त्यांत भक्तीचा रंग गडद आहे. कवी म्हणून मला तो भावतो, इतिहासाचा वाचक म्हणून कधीकधी खटकतो. वाचक कादंबरी वाचतो आणि उद्या तीच पुरावा म्हणून पुढे करतो. यात दोष लेखकाचा थोडा, आपला जास्त.

पण गोनीदांचं खरं मोठेपण मला दिसतं ते गडांवरच्या साध्या माणसांच्या कादंबऱ्यांत. ‘पवनाकाठचा धोंडी’ घ्या. तुंग किल्ल्याची पिढीजात हवालदारी सांभाळणारा धोंडी. राज्य कधीच गेलं, तोफा गेल्या, पगार कुणी देत नाही. पण गड आपला आहे आणि आपण गडाचे, ही त्याची भावना गेलेली नाही. ‘माचीवरला बुधा’मधला म्हातारा मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर येऊन राहतो. ‘रानभुली’तली मुलगी रायगडाची. ‘जैत रे जैत’मधले ठाकर तर डोंगराच्या अंगाखांद्यावरच जगणारे. त्यावर जब्बार पटेलांनी १९७७ साली केलेला चित्रपट बहुतेकांनी पाहिला असेल, कादंबरी फार थोड्यांनी वाचली असेल. बखरीत या माणसांना जागा नाही. गोनीदांनी त्यांना कथेच्या मधोमध बसवलं. गड म्हणजे दगडचुना, तसाच त्याच्या कुशीत राहणारा माणूसही, असा त्यांच्या लिखाणाचा अर्थ मी लावतो.

हा अर्थ घेऊन मी आमच्या पन्हाळ्याकडे पाहतो. बांधकाम शिलाहार भोजाच्या काळापासूनचं, तीन दरवाजावर आदिलशाहीतला फारसी शिलालेख, आत सादोबाचा दर्गा आणि तळं. आर्या लिहिणारे मोरोपंत जन्मले तेही याच गडावर. वेढा घालणारा सिद्दी होता हे सगळ्यांना माहीत असतं. तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर महाराजांच्या बाजूनं सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह लढले, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. माझ्या मुलांना मी ही नावं आवर्जून सांगितली. का सांगितली, ते वेगळं सांगायला नको.

बाजीप्रभूंच्या खिंडीला गजापूरची खिंड असंही म्हणत. ते गजापूर आजही विशाळगडाच्या पायथ्याशी आहे. १४ जुलै २०२४ रोजी गडावरच्या अतिक्रमणाच्या वादातून त्याच गजापुरात घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. अतिक्रमण हटवावं की नाही, तो कायद्याचा प्रश्न. पण ज्यांची भांडीकुंडी रस्त्यावर आली, ती माणसं पायथ्याला संसार करून राहिलेली होती. त्या दिवशी घरी बसून मी ‘पवनाकाठचा धोंडी’ पुन्हा काढलं. वाचवलं नाही. चार पानांवर मिटून ठेवलं.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात पन्हाळा आहे. पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. आता पाहुणे वाढतील, रस्ते रुंद होतील, पाट्या लागतील. गडावर राहणाऱ्यांना मात्र आपल्या घरांचं काय होणार, याचा घोर आहे.

काही वर्षांपूर्वी म्हसाईच्या पठारावर पावसानं मला गाठलं. धनगरवाड्यातल्या एका म्हाताऱ्यानं ओसरीवर बसवलं, कोरा चहा दिला. “बाबा, खिंड अजून किती लांब?” मी विचारलं. “तुम्ही शहरातली समदी ह्येच इचारता,” तो म्हणाला, “ह्या वाडीचं नाव कोन इचारत न्हाई.” मग मी वाडीचं नाव विचारलं. त्यानं ते सांगितलं आणि मागच्या झऱ्याचं, पलीकडच्या टेकाचं, बांधावरच्या देवाचंही सांगितलं. पाऊस थांबेपर्यंत मी वहीत लिहून घेत होतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)