कागदी संघांचे मालक

अमेरिकेत ‘फँटसी बेसबॉल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाला मैदान लागत नाही, बॅट लागत नाही आणि चेंडूही लागत नाही. हंगामाच्या तोंडावर मित्रमंडळींत खेळाडूंचा लिलाव होतो, त्यातून प्रत्येकाचा एक कागदी संघ उभा राहतो आणि पुढचे सहा महिने ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जे काही करतील त्याची बेरीज मांडली जाते. बेसबॉलवरील प्रेम हे या छंदाचे कारण मानले जाते, आणि ते खोटे नाही; पण त्याने माणसांना ज्या तऱ्हेने झपाटले त्याचे मूळ खेळापेक्षा हिशेबाच्या वेडात अधिक सापडते.

या हिशेबाचा कच्चा माल एकोणिसाव्या शतकातच तयार झाला होता. इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि न्यूयॉर्क परिसरात क्रिकेटची वार्तापत्रे लिहिणारा हेन्री चॅडविक हा पत्रकार बेसबॉलकडे वळला, तेव्हा क्रिकेटच्या धावफलकाचा नमुना समोर ठेवून १८५९ च्या सुमारास त्याने ‘बॉक्स स्कोअर’ला, म्हणजे प्रत्येक खेळाडूची कामगिरी काही रकान्यांत बसवणाऱ्या तक्त्याला, आकार दिला. पुढे दैनिकांतून हे तक्ते रोज छापले जाऊ लागले आणि सामना न पाहता केवळ रकाने वाचून तो डोळ्यांपुढे उभा करणारा एक वाचकवर्ग अमेरिकेत घडत गेला. फँटसी बेसबॉल हा मुळात या वाचकांचा खेळ आहे, प्रेक्षकांचा नव्हे.

त्याचा पहिला स्पष्ट अवतार विद्यापीठीय वर्तुळात दिसतो. विल्यम गॅम्सन या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्ये बॉस्टन येथे सहकाऱ्यांसह खेळाडू वाटून घेण्याची आणि त्यांच्या वर्षभराच्या आकड्यांवरून विजेता ठरवण्याची स्पर्धा सुरू केली. पैशांची पैज लावणारे हे मंडळ जुगारी वाटू नये म्हणून की काय, तिला ‘बेसबॉल सेमिनार’ असे भारदस्त नाव मिळाले. गॅम्सन मिशिगन विद्यापीठात गेला तसा हा परिसंवादही तेथे पोहोचला, आणि त्यात सहभागी असलेल्या रॉबर्ट स्क्लार या प्राध्यापकाकडून त्याची माहिती डॅनियल ओक्रेंट नावाच्या विद्यार्थ्याच्या कानी पडली.

ओक्रेंट पुढे संपादनाच्या व्यवसायात शिरला आणि १९७९ च्या अखेरीस, टेक्सासकडे जाणाऱ्या विमानप्रवासात, त्याने एका नव्या स्पर्धेचे नियम कागदावर उतरवले. हा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. खेळाडूला एकाच क्लबशी बांधून ठेवणारे करारातील ‘राखीव कलम’ डिसेंबर १९७५ मधील लवादाच्या निवाड्याने निष्प्रभ झाले होते, खेळाडू खुल्या बाजारात स्वतःचे मोल ठरवू लागले होते आणि नोव्हेंबर १९७९ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजशी करार करून नोलन रायन हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, वर्षाला दहा लाख डॉलर मिळवणारा पहिला बेसबॉलपटू ठरला होता. कोणाला किती पैसे मिळतात आणि तो तेवढ्याच्या लायकीचा आहे काय, ही चर्चा सामन्याच्या चर्चेइतकीच रंगू लागली. पूर्वीच्या पिढीतला चाहता स्वप्नात खेळाडू होत असे, या पिढीतला मालक होऊ लागला.

ओक्रेंटची मंडळी मॅनहॅटनमधील ‘ला रोटिसरी फ्रान्सेझ’ या उपाहारगृहात जेवायला जमत असत. त्यावरून या खेळाचे नाव ‘रोटिसरी’ पडले, म्हणजे कोंबडी फिरवत भाजण्याच्या भट्टीचे नाव एका आकडेमोडीच्या खेळाला कायमचे चिकटले. मंडळातले बहुतेक जण संपादक आणि लेखक असल्याने संघांच्या नावांत शाब्दिक कोट्यांची चढाओढ होती : ओक्रेंटचा संघ जॉर्जियातील ओकेफेनोकी दलदलीवरून ‘ओक्रेंट फेनोकीज’, तर स्क्लारचा, तारे न्याहाळणाऱ्यांसाठीच्या ‘स्टारगेझर’ या शब्दावरून, ‘स्क्लार गेझर्स’. विजेत्याच्या डोक्यावर ‘यू-हू’ या चॉकलेटी पेयाची बाटली रिकामी करण्याची प्रथाही याच मंडळाची.

पहिला लिलाव एप्रिल १९८० मध्ये झाला. रूढ झालेल्या नियमानुसार प्रत्येक मालकाला २६० डॉलरमध्ये २३ खेळाडू, म्हणजे १४ फलंदाज आणि ९ पिचर, विकत घ्यावे लागतात आणि किमान बोली एक डॉलरची असते. आयपीएलमुळे लिलाव हे दृश्य मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले असले, तरी खऱ्या अमेरिकी बेसबॉलमध्ये खेळाडूंचा असा लिलाव होत नाही. खेळाला खरी धार आणली ती ओक्रेंटने निवडलेल्या या पद्धतीनेच. पाच जागा भरायच्या राहिल्या असून गाठीशी १२ डॉलर असतील, तर उरलेल्या चार जागांसाठी एकेक डॉलर राखावाच लागतो आणि बोली आठच्या पुढे नेता येत नाही. शेजारी बसलेला प्रतिस्पर्धी हे गणित मनात करत असतो आणि नेमका तोच खेळाडू नऊला उचलतो. त्यातच खेळाडू फक्त नॅशनल लीग या व्यावसायिक साखळीतूनच घ्यायचे होते; तिच्यात त्या वेळी १२ क्लब आणि प्रत्येकी २५ खेळाडू, म्हणजे उपलब्ध माल अवघा ३०० नगांचा, तर दहा मालकांना हवे होते २३०. परिणामी राखीव यष्टिरक्षकाच्या जागी बसून हंगाम काढणाऱ्या खेळाडूचीही कुंडली मांडणे प्रत्येकाला भाग पडले.

गुणांकन आठ बाबींवर होते : फलंदाजांची सरासरी, होमरन, मिळवून दिलेल्या धावा आणि चोरलेले बेस (फटक्याविना, संधी साधून धावत गाठलेले पुढचे टप्पे), पिचरांचे विजय, ‘सेव्ह’ म्हणजे अखेरीस येऊन राखलेली आघाडी, दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी आणि दर डावामागे बेसवर पोहोचू दिलेल्या फलंदाजांचे प्रमाण. प्रत्येक बाबीत पहिल्याला दहा, शेवटच्याला एक. यातील अखेरचे प्रमाण ओक्रेंटने स्वतः रचले. त्यात फक्त ‘हिट’ (फटका मारून बेस गाठणे) आणि ‘वॉक’ (पिचरच्या चुकीच्या चेंडूंमुळे बेस मिळणे) धरले आणि चेंडू अंगावर लागून बेसवर गेलेले फलंदाज वगळले, कारण रविवारच्या वृत्तपत्रातील तक्त्यांत तो आकडा छापला जात नसे. वृत्तपत्रातील रकान्याच्या मर्यादेतून जन्मलेले हे माप ‘व्हिप’ या नावाने आज खऱ्या बेसबॉलच्या आकडेवारीत प्रतिष्ठेने वावरते. उलट या पद्धतीने खेळाची मूल्येही वाकवली : फलंदाजीत सामान्य, पण बेस चोरण्यात पटाईत असलेला धावपटू कागदावर सोन्याच्या भावाने विकला जाऊ लागला, आणि क्षेत्ररक्षणातील कौशल्याची किंमत शून्य झाली, कारण त्याला रकानाच नव्हता.

हा छंद पसरवण्याचे काम पत्रकारांनी केले. ओक्रेंटने १९८१ मध्ये ‘इनसाइड स्पोर्ट्स’ या मासिकात त्यावर लेख लिहिला. जॉर्ज फॉस्टर हा फलंदाज ३६ डॉलरच्या लायकीचा ठरला नाही ते वर्ष, अशा अर्थाचे त्याचे शीर्षकच सारी मनोवृत्ती सांगून जाते. त्याच वर्षी जूनमध्ये खेळाडूंचा संप होऊन सुमारे ५० दिवस सामने बंद पडले आणि लिहायला विषय न उरलेल्या क्रीडापत्रकारांना हा पर्यायी बेसबॉल सापडला. १९८४ मध्ये नियमांचे पुस्तक निघाले. सुरुवातीला साप्ताहिकातील आकडे हाताने उतरवून क्रमवारी लावली जाई. १९८२ मध्ये निघालेल्या ‘यूएसए टुडे’ने आकडेवारीला सढळ जागा दिली आणि पुढे संगणकाने बेरीज क्षणात करून टाकली, त्यामुळे आठवडाभर निकालाची वाट पाहण्यातली हुरहुर मात्र कायमची गेली. ‘रोटिसरी’ हे नाव मूळ मंडळींनी व्यापारचिन्ह म्हणून राखल्याने इतरांनी ‘फँटसी’ हा शब्द उचलला.

यथावकाश जाणकारांच्या स्वतंत्र स्पर्धा उभ्या राहिल्या : १९९४ मध्ये ‘लेबर’, १९९८ मध्ये ‘टाउट वॉर्स’, आणि २००४ पासून मोठ्या प्रवेशशुल्काच्या राष्ट्रीय स्पर्धेत एक लाख डॉलरचे पारितोषिक. ज्याने हे सारे सुरू केले त्या ओक्रेंटला स्वतःच्या मंडळाचे विजेतेपद कधीच मिळाले नाही.

इतका पैसा फिरू लागल्यावर हे आकडे कोणाचे, हा प्रश्न न्यायालयात जाणे अटळ होते. खेळाडूंची नावे आणि आकडेवारी वापरण्यासाठी परवाना हवा, असा ‘मेजर लीग बेसबॉल’ या व्यावसायिक बेसबॉल चालवणाऱ्या संघटनेच्या माध्यम कंपनीचा आग्रह होता. सेंट लुइस येथील सीबीसी या फँटसी खेळ चालवणाऱ्या कंपनीने तो अमान्य केला. २००७ मध्ये संघराज्याच्या आठव्या विभागीय अपील न्यायालयाने सीबीसीच्या बाजूने निर्णय दिला : ही माहिती आधीपासूनच सर्वांना खुली असून तिचा वापर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत येतो. जून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि चॅडविकचे रकाने, दीडशे वर्षांपूर्वी वृत्तपत्रात छापले गेले तेव्हा होते तसेच, वाचणाऱ्याच्या मालकीचे राहिले.