डुबी आणि पंजा

भिवंडीहून ठाण्याला निघालात की कशेळीच्या पुलावर खाडी लागते. उल्हास नदीचे हे पाणी पुढे वसईजवळ समुद्राला मिळते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराची सुरुवात याच खाडीच्या परिसरात झाली, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पण मला या खाडीची आठवण येते ती रेतीच्या होड्यांमुळे.

माझ्या तरुणपणी काल्हेरच्या बंदरावर उभे राहिले की त्या दिसत. होडीच्या कडेला एक लांब वासा तळापर्यंत रोवलेला असे. त्याला धरून एक माणूस लोखंडी बादली घेऊन पाण्यात उतरे. मी काठावर उभा राहून त्याच्याबरोबर श्वास रोखून बघत असे. माझा श्वास सुटायचा, तो मात्र खालीच असायचा. मग दोर हलायचा, वरचे लोक बादली ओढून घ्यायचे, आणि त्यानंतर त्याचे डोके वर यायचे. या कामाला डुबी म्हणतात. काळोख्या, गढूळ पाण्यात हाताने चाचपत बादली भरायची. दिवसभरात अशा किती डुब्या होत, याचा हिशेब तो बादल्यांवर ठेवी. कानांचा आणि छातीचा हिशेब कोणी ठेवत नसे.

माणसाला पाण्याखाली न पाठवता तळाची वस्तू वर आणावी, हा विचार फार जुना आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन असे तिघे भाऊ होते. मूसा बिन शाकिरचे मुलगे म्हणून त्यांना बनू मूसा म्हणतात. वडील वारल्यावर खलिफा अल्-मामूनने त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. त्यांनी सन ८५०च्या सुमारास 'किताब अल्-हियल' हा ग्रंथ रचला. त्यात सुमारे शंभर युक्त्या आहेत. बहुतेक गमतीच्या आहेत : कारंजी, जादूची भांडी, आपोआप जळणारे दिवे. पण शेवटाकडे दोन युक्त्या वेगळ्या आहेत. एक, विषारी हवेच्या विहिरीत उतरणाऱ्या मजुराला भात्याने स्वच्छ हवा पुरवण्याची. दुसरी, तांब्याच्या दोन अर्धगोल पत्र्यांचा पंजा. तो उघडा सोडायचा, तळाला टेकला की साखळी ओढून मिटायचा. समुद्रातली रत्ने आणि विहिरीत-नदीत पडलेल्या वस्तू काढण्यासाठी. राजदरबारातल्या विद्वानांना कामगाराच्या श्वासाची आठवण झाली, हे मला त्या ग्रंथातले सर्वांत मोठे वाटते.

हजार वर्षांनी हीच कल्पना इंग्लंडमध्ये पुन्हा अवतरली. १८७०च्या दशकात हल शहरातल्या प्रीस्टमन बंधूंकडे एक काम आले. १७०२च्या लढाईत स्पेनच्या व्हिगो उपसागरात बुडालेला खजिना काढण्यासाठी यंत्रे हवी होती. खजिना काही हाती लागला नाही, पण पंजा हाती लागला. पुढे बंदरांतला गाळ उपसायला त्याचा उपयोग झाला आणि तो जगभर गेला.

या पंजाची रचना शिंपल्यासारखी असते. दोन जड लोखंडी कवचे उघड्या तोंडाने तळावर पडतात, वजनाने गाळात रुततात, आणि दोर ओढला की मिटतात. आपण ज्याला सरसकट पोकलेन म्हणतो (हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव), त्या यंत्राच्या हातालाही असा पंजा लावता येतो. तेथे दोराऐवजी तेलाच्या दाबाने तो मिटतो. सरळ खाली उतरून सरळ वर येत असल्यामुळे गोदीच्या भिंतीलगत, कोपऱ्यात, पुलाच्या खांबाजवळ तो उपयोगी पडतो. मुंबईत १८८० साली प्रिन्सेस डॉक, १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक सुरू झाले. भरतीबरोबर येणारा गाळ सतत उपसल्याशिवाय अशा गोद्या चालत नाहीत.

आमच्या खाडीत मात्र यंत्र आले ते गाळासाठी नव्हे, रेतीसाठी. मुंबई-ठाण्यात इमारती उठू लागल्या आणि बार्जवर सक्शन पंप बसले. डुबीवाल्याला दमल्यावर थांबावे लागे. त्यामुळे खाडीलाही उसंत मिळे. पंपाला दम लागत नाही. तळ खोल गेला की काठ ढासळतो, खारफुटी कोसळते, पुलांचे पाय उघडे पडतात. सप्टेंबर २०१० मध्ये आवाज फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या रेतीउपशाला स्थगिती दिली. नंतरच्या शासकीय धोरणांत हातपाटी आणि डुबी या पारंपरिक पद्धतींना वेगळी जागा मिळाली.

खाडी वाचावी म्हणून हे योग्यच. पण मनात एक काटा राहतो. खाडी वाचवायची तर माणसाने पुन्हा बुडी मारायची, हा कसला न्याय? बनू मूसांनी ज्याच्यासाठी पंजा घडवला, तो माणूस बाराशे वर्षांनीही पाण्याखालीच राहिला.

२०१६च्या कायद्याने वसई खाडी आणि उल्हास नदी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ मध्ये आली. त्याच्या आराखड्यात काल्हेरचा धक्का आहे. बोटी चालवायच्या तर गाळ काढावा लागणार, आणि ते काम यंत्रानेच व्हावे. मात्र गाळ काढण्याच्या नावाखाली रेती निघू लागली, तर पंजाला ते कळणार नाही. ते आपल्याला कळले पाहिजे. किती खोल, किती दिवस, कुठपर्यंत, याचे माप आधी ठरले पाहिजे. आजवर हे माप डुबीवाल्याच्या छातीने ठेवले. ते ओझे आता तिच्यावरून उतरवून कागदावर घ्यावे, आणि कागदावरचे माप पाळावे. तरच पंजा माणसाच्याही उपयोगी पडेल आणि खाडीच्याही.