पडद्यावरचे अबाधित गाव

लुडविग गांगहोफर यांच्या ‘श्लोस हुबेर्टुस’ या कादंबरीवर नाझी राजवटीत, १९३४ मध्ये, चित्रपट निघाला आणि १९५४ मध्ये पुन्हा. दोन्हींचे निर्माते पेटर ओस्टरमायर. मधल्या २० वर्षांत जर्मनीतील शहरे बेचिराख झाली, पूर्वेकडील लक्षावधी विस्थापित पश्चिमेत आश्रयाला आले. पडद्यावरचे आल्प्स मात्र अबाधित उभे होते. या ग्रामचित्रपटांना भाबडे म्हणून मोडीत काढणे मला रुचत नाही. घर गमावलेल्याला गाव पाहण्याची तहान असते. परंतु मधली वर्षे विसरण्याची सोयही त्याच पडद्याने केली. १९६२ मध्ये ओबरहाउझेन येथे २६ तरुणांनी जुना चित्रपट मृत झाल्याचे घोषित केले, ते मला या विस्मरणाविरुद्धचेही बंड वाटते. सांत्वनाचे मोल जाणावे. त्याची किंमतही मोजावी.