मुसीचा पूर आणि पावसाचा बदलता हिशेब

हैदराबादच्या इतिहासात २८ सप्टेंबर १९०८ हा दिवस मोठ्या दुःखाचा ठरला. अनंतगिरीच्या डोंगरातून येणारी मुसी नदी एरवी संथ वाहणारी. त्या दिवशी तिने शहराचा मोठा भाग पोटात घेतला. सुमारे १५ हजार माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. अफझलगंज भागातील एका चिंचेच्या झाडाचा आश्रय घेतलेली दीडशेच्या आसपास माणसे वाचली. ते झाड पुढे उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जपले गेले.

अशी आपत्ती पुन्हा ओढवू नये म्हणून निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवून नावाजलेले हे स्थापत्यविशारद १९०९ साली हैदराबादेस आले. त्यांनी पावसाच्या नोंदी तपासल्या. शमशाबाद येथे २४ तासांत सुमारे १३ इंच पाऊस पडला होता. मुसीच्या खोऱ्यातील ७८८ तलावांपैकी २२१ फुटले होते आणि त्यांच्या पाण्याने पुराचा लोंढा वाढत गेला होता. तेव्हा शहराच्या वरच्या अंगासच पूर थोपवून धरणारी जागा हवी, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर १९२० साली आणि तिला मिळणाऱ्या ईसीवर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला.

मागील पावसाच्या नोंदींवरून पुढील पावसाचा अंदाज बांधता येतो, हे अशा सर्व योजनांतील गृहीतक होय. त्या काळी त्याविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते, आज आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवून दिले की, मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. तेथील एकूण मोसमी पाऊस मात्र घटत गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत एका दिवसात सुमारे १९ सेंटीमीटर पाऊस झाला आणि वस्त्या पुन्हा पाण्याखाली गेल्या. कोणत्याही एका पावसाचे खापर हवामानबदलावर फोडणे योग्य नव्हे; परंतु एकंदर कल स्पष्ट आहे.

या बदलामुळे जलाशय राखणाऱ्यांपुढे मोठा पेच उभा राहतो. पूर अडवायचा तर जलाशयात जागा रिकामी हवी. शहराची तहान भागवायची तर तो भरलेला हवा. पाऊस चार महिन्यांत विखरून पडे तेव्हा ही दोन्ही कामे कशीबशी जुळत. तो मोजक्या दिवसांत कोसळून मग दडी मारू लागला, तर पाणी आधी सोडल्यास पुढे टंचाई आणि राखून ठेवल्यास ऐन पुरात खालच्या वस्तीवर दरवाजे उघडण्याची पाळी.

वाढत्या शहराने १९६५ पासून मांजरेचे, २००४ पासून कृष्णेचे आणि २०१५ पासून गोदावरीचे पाणी आणले. या तिन्ही नद्यांचा उगम महाराष्ट्रात आहे. म्हणजे बालाघाटावर, महाबळेश्वरी आणि त्र्यंबकेश्वरी पडणाऱ्या पावसाची चिंता हैदराबादकरांसही वाहावी लागते. मात्र घराजवळच्या पाण्याची राखण सैलावत आहे. उस्मानसागर व हिमायतसागर यांच्याभोवतीच्या १० किलोमीटर पाणलोटातील बांधकामांवर १९९६ साली निर्बंध आले. २०२२ साली ते उठविण्याचा आदेश निघाला.

विश्वेश्वरय्यांचे आकडे त्यांच्या काळातील पावसाचे होते. त्यांची मोजण्याची रीत मात्र जुनी झालेली नाही. नव्या पावसाचा हिशेब नव्याने मांडावा, तलावांच्या पाळी शाबूत राखाव्यात आणि नदीला पसरण्यास जागा ठेवावी, एवढे आजच्या पिढीच्या हाती आहे. ही जागा माणसाने ठेवली नाही, तर नदी ती परत घेते आणि मग तिची किंमत प्राणांनी चुकवावी लागते, हे १९०८ सालाने एकदा दाखवून दिले आहे.