सागरी रेशीम : परंपरा, पुरावा आणि जतन

सार्डिनियाच्या नैर्ऋत्येस सान्त आन्तिओको हे लहानसे बेट आहे. फिनिशियनांनी वसविलेले सुल्की नगर येथेच होते. ‘पिन्ना नोबिलिस’ या प्रचंड शिंपल्याच्या तंतूंपासून वस्त्र विणण्याची कला आज या बेटाशी निगडित मानली जाते. ती बायबलकाळापासून अखंड चालत आली, असेही सांगितले जाते. या समजुतीची छाननी करणे अगत्याचे आहे.

समजुतीचे मूळ ‘बिस्सस’ या शब्दात आहे. प्राचीन ग्रंथांत हा शब्द मुख्यतः जवसाच्या धाग्याच्या तलम वस्त्रास लावलेला आढळतो. हा शिंपला ‘खोल तळातून’ उभा वाढतो, असे ॲरिस्टॉटलने म्हटले होते. पंधराव्या शतकात थिओडोर गाझा याने लॅटिन भाषांतर करताना ‘तळ’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘बिस्सस’ असा घेतला. पुढे शिंपल्याच्या तंतूंसच ते नाव मिळाले आणि जुन्या ग्रंथांतील प्रत्येक ‘बिस्सस’ सागरी रेशीम ठरू लागला.

याचा अर्थ ही कला अर्वाचीन आहे, असा नव्हे. इ. स. ३०१ मधील डायोक्लिशनच्या किंमतविषयक फर्मानात ‘सागरी लोकर’ येते. सहाव्या शतकातील प्रोकोपियस आर्मेनियाच्या सरदारांना मिळणाऱ्या अशा वस्त्राचे वर्णन करतो. तथापि सान्त आन्तिओको येथील विणकामाचा स्पष्ट पुरावा बराच अलीकडचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इतालो दियाना यांनी तेथे विणकामाची शाळा चालविली. त्यांच्या शिष्यांकरवी हे ज्ञान पुढील पिढीकडे गेले.

कृती कष्टाची आहे. तंतू गोड्या पाण्यात वारंवार धुवावयाचे, वाळवून विंचरावयाचे, टकळीवर कातावयाचे. लिंबाच्या रसाने त्यांस सोनेरी झळाळी येते. परंतु १९९२ च्या युरोपीय निर्देशाने या शिंपल्यास कडक संरक्षण मिळाले. २०१६ पासून एका परजीवी सूक्ष्मजीवामुळे भूमध्य समुद्रात त्याचा प्रचंड संहार झाला आणि २०१९ मध्ये तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

अशा स्थितीत कलेच्या जतनासाठी नवे तंतू मागणे म्हणजे तिचा आधारच नष्ट करणे होय. जुन्या साठ्यावर हाताची कृती शिकविणे, संग्रहालयांतील मोजक्या वस्तूंची नोंद करणे आणि पुराव्यास आख्यायिकेपासून वेगळे ठेवणे, एवढेच आता शक्य आहे. दियाना यांच्या शाळेचा इतिहास त्या विणकरांच्या गौरवास पुरेसा आहे; त्यास बायबलच्या आधाराची गरज नाही.